डॉ. आंबेडकर आणि १९३७ ची मुंबई प्रांतिक निवडणूक

भारत सरकार कायदा, १९३५ अन्वये मुंबई प्रांताच्या विधानसभेची पहिली निवडणूक फेब्रुवारी १९३७ मध्ये झाली. या निवडणुकीत अर्थशास्त्रज्ञ व कायदेपंडित डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१८९१–१९५६) हे स्वतंत्र मजूर पक्षाचे उमेदवार म्हणून मुंबई शहरातील भायखळा–परळ भागातून निवडून आले. त्यापूर्वी १९२७ पासून ते मुंबई विधिमंडळात सरकारने नेमलेले सभासद म्हणून काम करीत होते. एकाच व्यक्तीने धोरणाचा अभ्यासक, नामनियुक्त सभासद आणि लोकांनी निवडलेला प्रतिनिधी अशा तिन्ही भूमिका एकापाठोपाठ एक पार पाडल्यामुळे या निवडणुकीला महाराष्ट्राच्या संसदीय इतिहासात वेगळे स्थान आहे. निवडून आल्यावर त्यांनी मांडलेले खोती नष्ट करण्याचे विधेयक कोकणातील, विशेषतः तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील, कुळांच्या जीवनाशी थेट निगडित होते.

पार्श्वभूमी : अभ्यासक ते सभासद

आंबेडकरांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे या गावचे. त्यांचे उच्च शिक्षण मुंबई, न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे झाले. कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. ही पदवी त्यांनी १९१५ मध्ये, तर लंडन विद्यापीठाची डी. एस्‌सी. ही पदवी १९२३ मध्ये मिळवली. त्यांचे सुरुवातीचे लेखन बहुतांशी आर्थिक धोरणाविषयी आहे. १९१८ मध्ये त्यांनी भारतातील लहान शेतजमिनी व त्यांवरील उपाय या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. शेतीचा प्रश्न केवळ जमिनीचे तुकडे एकत्र आणून सुटणार नाही. शेतीवर अवलंबून असलेली जादा लोकसंख्या उद्योगांकडे वळवली पाहिजे, हे त्या निबंधाचे प्रतिपादन होते. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये आणि ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या विकासावरील ग्रंथ १९२५ मध्ये प्रकाशित झाला.

१९१८ ते १९२० या काळात ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे १९१९ मध्ये आणि भारतीय चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे १९२५ मध्ये त्यांनी साक्ष दिली. पुढे सायमन आयोगापुढील निवेदन आणि १९३० ते १९३२ या काळातील गोलमेज परिषदांतील सहभाग यांमुळे राज्यघटनाविषयक प्रश्नांवरील त्यांचा अधिकार सर्वमान्य झाला. समितीपुढे साक्ष देणे, आकडेवारीच्या आधारे निवेदन तयार करणे आणि कायद्याच्या मसुद्यातील उणीव दाखवणे ही आज धोरणतज्ज्ञाची म्हणून ओळखली जाणारी कामे ते निवडणुकीस उभे राहण्यापूर्वी जवळजवळ दोन दशके करीत होते.

नामनियुक्त सभासदत्वाचा काळ

१९१९ च्या सुधारणा कायद्यानुसार मुंबई विधिमंडळात काही सभासद सरकारकडून नेमले जात. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गांचे प्रतिनिधित्व याच मार्गाने होत असे. आंबेडकरांची नेमणूक झाल्यावर फेब्रुवारी १९२७ मध्ये त्यांनी सभासदत्वाची शपथ घेतली. अंदाजपत्रक, लहान शेतजमिनींविषयीचे विधेयक, कामगार स्त्रियांना प्रसूतिकाळात साहाय्य देणारे विधेयक अशा विषयांवरील त्यांची भाषणे या काळातील आहेत. लहान शेतकऱ्यांच्या जमिनींचे सक्तीने एकत्रीकरण झाल्यास अनेक कुटुंबे भूमिहीन होतील, असा आक्षेप त्यांनी १९२७ मध्ये घेतला. १९१८ च्या निबंधातील अभ्यास या भाषणामागे स्पष्टपणे दिसतो.

१९२८ मध्ये त्यांनी मुंबईच्या वंशपरंपरागत वतनांविषयीच्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. महार वतनदारांना गावाची व सरकारची अनेक कामे करावी लागत आणि त्यांच्या बदल्यात अल्प इनाम जमीन व बलुते मिळे. कामाला वेळेची मर्यादा नव्हती आणि मोबदल्याची शाश्वतीही नव्हती. ज्यांना या बंधनातून बाहेर पडायचे असेल त्यांना पूर्ण आकार भरून जमीन स्वतःकडे ठेवता यावी, असा त्या विधेयकाचा आशय होता. विधेयक चिकित्सा समितीकडे गेले. परंतु आवश्यक पाठबळ न मिळाल्याने १९२९ मध्ये ते मागे घेण्यात आले.

या अनुभवातून नामनियुक्त सभासदाची मर्यादा स्पष्ट होते. त्याला बोलता येत होते, विधेयकही मांडता येत होते; मात्र त्याच्या बाजूने मत देणारा पक्ष सभागृहात नव्हता आणि त्याच्या मागणीमागे किती मतदार आहेत हे दाखवण्याचे साधनही नव्हते. शिवाय त्याची जागा सरकारच्या मर्जीवर अवलंबून होती.

नवा कायदा, नवी विधानसभा

भारत सरकार कायदा, १९३५ ने प्रांतांना बऱ्याच अंशी स्वायत्तता दिली. प्रांतिक विषयांचा कारभार विधानसभेला जबाबदार असणाऱ्या मंत्रिमंडळाकडे आला. ही व्यवस्था १ एप्रिल १९३७ पासून अमलात आली. त्यापूर्वी १९३६ मध्ये सिंध हा वेगळा प्रांत झाला होता. उरलेल्या मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ जागा होत्या. २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या पुणे करारानुसार त्यांपैकी १५ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव ठेवण्यात आल्या.

राखीव जागेच्या निवडणुकीची पद्धत आजच्याहून वेगळी होती. पुणे करारानुसार, राखीव जागेसाठी चारपेक्षा अधिक उमेदवार असल्यास प्रथम केवळ अनुसूचित जातींच्या मतदारांनी चार उमेदवार निवडायचे आणि त्यानंतर अंतिम निवडणुकीत त्या मतदारसंघातील सर्व सर्वसाधारण मतदारांनी मतदान करायचे, अशी तरतूद होती. राखीव जागा असलेले मतदारसंघ एकाहून अधिक जागांचे असत. मुंबई प्रांतात अशा मतदारसंघांत संचयी मतदानाची पद्धत होती. मतदारसंघात जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदारास मिळत आणि ती सर्व मते एकाच उमेदवारास देण्याची मुभा त्याला असे. संख्येने कमी असलेल्या समाजाने आपली मते एकवटल्यास आपल्या पसंतीचा प्रतिनिधी निवडून आणणे या पद्धतीमुळे शक्य होत होते.

मताधिकार मात्र सार्वत्रिक नव्हता. जमीनमहसूल, घरभाडे, कर आणि शिक्षण अशा अटींवर तो अवलंबून होता. संपूर्ण ब्रिटिश भारतात प्रांतिक निवडणुकांसाठी सुमारे ३ कोटी मतदार होते. त्या तुलनेत १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारांची संख्या १७ कोटींच्या वर गेली. म्हणजेच ज्यांच्यासाठी जमीनसुधारणा किंवा मजुरीचे कायदे करायचे त्या भूमिहीन मजुरांना, अत्यल्प जमीन कसणाऱ्या कुळांना आणि बहुसंख्य स्त्रियांना १९३७ मध्ये मतपेटीपर्यंत पोहोचता येत नव्हते. त्या काळात गरिबांच्या प्रश्नांवर निवडणूक लढवणाऱ्या प्रत्येक उमेदवारापुढील ही मूलभूत अडचण होती.

स्वतंत्र मजूर पक्ष व त्याचा जाहीरनामा

आंबेडकरांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना केली. पक्षाचे नाव जातीवरून न ठेवता श्रमावरून ठेवण्यात आले. कूळ, शेतमजूर व गिरणी कामगार यांना एका कार्यक्रमाखाली आणण्याचा हेतू त्यामागे होता. पक्षाचा जाहीरनामा अर्थशास्त्रज्ञाच्या हातचा असल्याचे त्यातील मागण्यांवरून जाणवते. जमिनीचे तुकडीकरण व शेतीवरील लोकसंख्येचा भार हे शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे मुख्य कारण असल्याचे त्यात म्हटले होते. भूतारण बँका, उत्पादकांच्या सहकारी संस्था व खरेदी-विक्री संघ, तांत्रिक शिक्षणाचा प्रसार, आवश्यक तेथे उद्योगांची सरकारी मालकी व व्यवस्थापन, कुळांचे जमीनदारांच्या जुलमापासून व बेदखलीपासून संरक्षण, कारखान्यांतील नोकरी, बडतर्फी व बढती यांचे नियमन, कामाच्या तासांची कमाल मर्यादा, पुरेसे वेतन आणि पगारी रजा ही त्यातील प्रमुख कलमे होती.

पक्षाने १७ उमेदवार उभे केले. त्यांत राखीव जागांबरोबर काही सर्वसाधारण जागांवरील उमेदवारही होते. पक्षाच्या या सर्वसाधारण जागा प्रामुख्याने कोकणातील होत्या. अनंत विनायक चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस व शामराव परुळेकर हे अस्पृश्येतर समाजातील कार्यकर्ते पक्षातर्फे निवडून आले. चित्रे व टिपणीस यांचा महाडच्या १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाशी निकटचा संबंध होता. नाशिक जिल्ह्यातून भाऊराव कृष्णाजी गायकवाड निवडून आले. एकूण उमेदवारांपैकी बहुतेक सर्व विजयी झाले. स्थापनेपासून अवघ्या काही महिन्यांत निवडणुकीस सामोऱ्या गेलेल्या पक्षाच्या दृष्टीने हे मोठे यश होते.

भायखळा–परळची लढत

आंबेडकर ज्या भागातून उभे राहिले तो मुंबईच्या गिरणगावाचा भाग होता. कापड गिरण्यांतील कामगारांचा मोठा हिस्सा रत्नागिरी जिल्ह्यातून, घाटावरील सातारा व पुणे या जिल्ह्यांतून आलेला होता. गावी थोडीशी शेती किंवा खोताची कुळकी आणि मुंबईत गिरणीतील पाळी अशी दुहेरी व्यवस्था असंख्य कुटुंबांची होती. आंबेडकरांचे स्वतःचे कुटुंबही अनेक वर्षे परळच्या चाळीत राहिले होते. त्यामुळे जमिनीचा प्रश्न व गिरणीचा प्रश्न एकाच घरातील माणसांचे प्रश्न होते आणि दोहोंचा उल्लेख असलेला जाहीरनामा तेथील मतदारांस परका नव्हता.

काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध बाळू पालवणकर यांना उमेदवारी दिली. पालवणकर हे नामांकित क्रिकेटपटू होते. डावखुऱ्या फिरकी गोलंदाजीने त्यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरहून अधिक बळी मिळवले होते. चर्मकार समाजातून आलेल्या या खेळाडूस हिंदू संघाच्या कर्णधारपदापासून दूर ठेवण्यात आल्याचा प्रश्न त्या काळी गाजला होता. तरुणपणी आंबेडकरांनाही त्यांच्याविषयी आदर होता. पुढे स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर दोघांचे मार्ग वेगळे झाले. पालवणकर यांचा कल काँग्रेस व गांधीजी यांच्या भूमिकेकडे होता. त्यामुळे या लढतीत एका बाजूस विद्वत्ता व चळवळ आणि दुसऱ्या बाजूस खेळातून मिळालेली व्यापक लोकप्रियता व देशातील सर्वांत मोठ्या पक्षाचे बळ असे चित्र निर्माण झाले.

आंबेडकरांना १३,२४५ व पालवणकर यांना ११,२२५ मते मिळाली. सुमारे दोन हजार मतांचा हा फरक पाहता विजय सहजसाध्य नव्हता, हे ध्यानात येते. परदेशी विद्यापीठांच्या पदव्या व आयोगांपुढील साक्षी यांमुळे उमेदवारास प्रतिष्ठा लाभली असेल. परंतु निकाल ठरण्यात १९२४ पासून बहिष्कृत हितकारिणी सभा, महाडचा सत्याग्रह, वृत्तपत्रे, वसतिगृहे व कामगार वस्त्यांतील सभा यांतून उभ्या राहिलेल्या संघटनेचा वाटा निर्णायक होता.

विधानसभेतील कार्य

निवडणुकीत काँग्रेस हा सर्वांत मोठा पक्ष ठरला. गव्हर्नरच्या विशेषाधिकारांच्या प्रश्नावरून त्या पक्षाने सुरुवातीस मंत्रिपदे स्वीकारली नाहीत. त्यामुळे एप्रिल ते जुलै १९३७ या काळात धनजीशहा कूपर यांचे अल्पमतातील मंत्रिमंडळ सत्तेवर होते. जुलैमध्ये बाळ गंगाधर खेर हे मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले. प्रांताच्या मुख्यमंत्र्यास तेव्हा पंतप्रधान म्हणत. खेर हेही मूळचे रत्नागिरीचे होते. आंबेडकर विरोधी बाकांवर बसले.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी पुणे येथील अधिवेशनात त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याच वर्षी महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयकही त्यांनी नव्याने मांडले. नामनियुक्त सभासद म्हणून मागे घ्यावा लागलेला विषय निवडून आल्यावर पुन्हा सभागृहापुढे आला, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

१९३८ मध्ये सरकारने औद्योगिक कलहांविषयीचे विधेयक आणले. संपापूर्वी सलोख्याची दीर्घ प्रक्रिया बंधनकारक करणाऱ्या व काही परिस्थितीत संप बेकायदा ठरवणाऱ्या या विधेयकास आंबेडकरांनी कडाडून विरोध केला. संप करण्याचा हक्क हा कामगाराच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे, अशी त्यांची भूमिका होती. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष व साम्यवादी कामगार संघटना यांनी मिळून एक दिवसाचा संप घडवून आणला. तरीही बहुमताच्या बळावर विधेयक संमत झाले. त्याच महिन्यात संततिनियमनाच्या साधनांचा प्रसार सरकारने करावा, असा ठराव पक्षाचे सभासद प्रभाकर रोहम यांनी मांडला. तोही फेटाळला गेला.

खोती आणि कोकण

खोती ही कोकणातील जमीनमहसुलाची एक जुनी पद्धत होती. खोत हा गावाचा ठरलेला महसूल सरकारात भरी आणि कुळांकडून वसुली करी. सरकार व कूळ यांच्यामध्ये तो मध्यस्थ असल्याने त्याने किती घ्यावे यावर कुळाचे जीवन अवलंबून असे. पिकाचा निम्मा भाग द्यावा लागणाऱ्या कुळास अर्धेली व तिसरा भाग द्यावा लागणाऱ्यास तिर्धेली म्हणत. धारेकऱ्यांची स्थिती त्यामानाने बरी असे, तर केवळ खोताच्या मर्जीवर जमीन कसणाऱ्या उपरी कुळास कोणतेही संरक्षण नसे. ठरलेल्या वाट्याखेरीज खोताच्या शेतावर व घरी वेठीचे काम करावे लागे. १८८० च्या खोती कायद्याने खोत व कूळ यांच्या हक्कांची नोंद करण्याचा प्रयत्न झाला. पण मध्यस्थ कायम राहिला.

कुळांचा असंतोष निवडणुकीपूर्वीच संघटित होऊ लागला होता. १९२९ मध्ये चिपळूण येथे भरलेल्या रत्नागिरी जिल्हा परिषदेत आंबेडकरांनी खोतीचा प्रश्न मांडला. कुलाबा जिल्ह्यात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली अलिबागजवळच्या चरी परिसरातील शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये जमीन न कसण्याचा संप सुरू केला. तो सुमारे सहा वर्षे चालला. आंबेडकरांच्या विधेयकास या आंदोलनाचा जिवंत आधार होता.

विधेयकाचा आशय असा : खोती पद्धत रद्द करून तेथे रयतवारी लागू करावी, जमीन प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या कुळास महसूल कायद्यानुसार कब्जेदाराचा दर्जा द्यावा आणि खोताचा जो हक्क जाईल त्याबद्दल त्यास वाजवी भरपाई द्यावी. भरपाईच्या तरतुदीवरून हा मसुदा केवळ घोषणेसाठी नव्हता, अंमलबजावणीचा विचार करून केलेला होता, हे दिसते. जानेवारी १९३८ मध्ये ठाणे, कुलाबा, रत्नागिरी आदी जिल्ह्यांतील हजारो शेतकऱ्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा काढला व खोती रद्द करण्याची मागणी केली.

विधेयक संमत झाले नाही. खाजगी सभासदाच्या विधेयकास बहुमतातील पक्षाची साथ आवश्यक होती आणि ती मिळाली नाही. सरकारने १९३९ मध्ये कुळांना मर्यादित संरक्षण देणारा कूळकायदा केला. मध्यस्थ मात्र राहू दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस दुसऱ्या महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले व प्रांताचा कारभार गव्हर्नरच्या हाती गेला. खोती रद्द होण्यास स्वातंत्र्य मिळेपर्यंत थांबावे लागले. मुंबई खोती निर्मूलन कायदा, १९४९ हा १९५० मध्ये अमलात आला. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. विधेयक आणि कायदा यांच्यामध्ये कोकणातील कुळांची बारा वर्षे, तर १९२८ पासून मोजल्यास वतनदारांची तीस वर्षे गेली.

मालवण, देवबाग आणि सावंतवाडी

आजचा सिंधुदुर्ग जिल्हा त्या वेळी अस्तित्वात नव्हता. तो १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्माण झाला. १९३७ मध्ये मालवण तालुका ब्रिटिश अमलाखालील रत्नागिरी जिल्ह्यात होता, तर कुडाळ हे सावंतवाडी संस्थानात होते. संस्थानी प्रजेस प्रांतिक विधानसभेसाठी मतदान करता येत नसे. मालवणच्या दक्षिणेस, कर्ली नदीची खाडी व अरबी समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीवर देवबाग हे गाव वसले आहे. मालवण तालुक्यातील या टोकाच्या गावातील पात्र व्यक्तीस मताधिकार होता. थोड्या अंतरावरील कुडाळच्या रहिवाशास, तो कितीही शिकलेला वा जमीनधारक असला तरी, तो नव्हता.

मालवण भागातही मताधिकाराची चाळण बारीक होती. ज्याच्या नावे पुरेसा महसूल, पुरेसे भाडे वा शिक्षण नाही, तो यादीबाहेर राही. देवबागसारख्या किनारी गावांत उपजीविकेचा मोठा आधार मासेमारी व माडबागायत हा होता. होडी, जाळे व समुद्रावरील कष्ट ही मताधिकाराची अट नव्हती. त्यामुळे जमिनीवर आधारलेल्या पात्रतेत मच्छीमार कुटुंबांचा समावेश होणे अवघड होते. १९४८ मध्ये सावंतवाडी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५०च्या राज्यघटनेने प्रत्येक प्रौढ नागरिकास मत दिले. आज मालवण व कुडाळ हे तालुके एकाच कुडाळ विधानसभा मतदारसंघात येतात आणि देवबागचे मतदार त्याच यादीत आहेत. एके काळी केवळ एका खाडीच्या अलीकडे-पलीकडे असल्यामुळे मत असलेले आणि मत नसलेले लोक आता एकच आमदार निवडतात.

पुढील निवडणुका

१९४२ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाची जागा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने घेतली. त्याच वर्षी आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. १९४६ च्या निवडणुकांत फेडरेशनला फारसे यश मिळाले नाही. आंबेडकर संविधान सभेत प्रथम बंगालच्या विधानसभेतून व फाळणीनंतर मुंबईतून निवडले गेले. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून ख्याती मिळाल्यानंतरही १९५२ मध्ये उत्तर मुंबई मतदारसंघातून लोकसभेसाठी ते नारायण काजरोळकर यांच्याकडून सुमारे १४ हजार मतांनी पराभूत झाले. १९५४ मध्ये भंडारा येथील पोटनिवडणुकीतही त्यांना यश आले नाही. १९५२ पासून ते राज्यसभेचे सभासद होते.

याच काळातील दुसरे उदाहरण चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे आहे. कोकणातील रोह्याशी नाते असलेले देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व पुढे केंद्रीय अर्थमंत्री होते. १९५२ मध्ये ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले आणि मुंबई महाराष्ट्रास न देण्याच्या धोरणाच्या निषेधार्थ त्यांनी १९५६ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. प्रशासनातील तज्ज्ञ असलेल्या देशमुखांनी मतदारांच्या भावनेस आपल्या पदाहून अधिक महत्त्व दिल्याचे हे उदाहरण आहे.

आजची व्यवस्था

राज्याच्या विधिमंडळात प्रवेश करू इच्छिणाऱ्या तज्ज्ञास आज दोन प्रकारचे मार्ग उपलब्ध आहेत. विधान परिषदेत राज्यपालांकडून नामनियुक्ती आणि पदवीधर व शिक्षक मतदारसंघांतून निवड होते. महाराष्ट्र विधान परिषदेत ७८ सभासद असून त्यांत कोकण पदवीधर मतदारसंघाचाही समावेश आहे. साहित्य, विज्ञान, कला, सहकार व समाजसेवा यांतील विशेष ज्ञान वा अनुभव असलेल्यांची नामनियुक्ती करण्याची तरतूद राज्यघटनेच्या १७१व्या अनुच्छेदात आहे. आंबेडकरांचे १९२७ चे सभासदत्व ज्या स्वरूपाचे होते त्याच्याशी हा मार्ग काहीसा जुळतो.

दुसरा मार्ग विधानसभेच्या थेट निवडणुकीचा आहे. त्यासाठी उमेदवार भारताचा नागरिक, किमान २५ वर्षे वयाचा आणि राज्यातील कोणत्याही विधानसभा मतदारसंघाचा मतदार असावा लागतो. विशिष्ट शिक्षणाची अट नाही. सरकारी लाभाचे पद धारण करणाऱ्यास अपात्र ठरवले जाते. म्हणून शासकीय सेवेतील अधिकाऱ्यास प्रथम सेवा सोडावी लागते. अनामत रक्कम १०,००० रुपये असून अनुसूचित जाती व जमातींच्या उमेदवारांसाठी ती ५,००० रुपये आहे. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास ती जप्त होते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास एक, तर अपक्षास दहा प्रस्तावक आवश्यक असतात.

महत्त्व

१९३७ च्या निवडणुकीचे महत्त्व केवळ एका थोर व्यक्तीच्या विजयापुरते नाही. अभ्यासामुळे प्रश्नाचे निदान व उपायाचा मसुदा तयार झाला. चळवळीमुळे त्या मसुद्यास पाठिंबा मिळाला. निवडणुकीमुळे तो सभागृहाच्या पटलावर आला. आणि बहुमत नसल्यामुळे तो तेथेच थांबला. खोतीच्या विधेयकाचा हा प्रवास धोरण कायद्यात रूपांतरित होण्यासाठी कोणकोणत्या गोष्टी लागतात हे क्रमाने दाखवतो. १९३७ मध्ये खोताच्या जमिनीवर राबणाऱ्या बहुसंख्य कुळांना या प्रक्रियेत मत नव्हते. प्रौढ मताधिकाराने ही उणीव भरून काढली. एखाद्या धोरणाचे परिणाम ज्यांना भोगावे लागतात, त्यांच्यापुढेच आज त्या धोरणाच्या अभ्यासकाला उमेदवार म्हणून जावे लागते.